कटासणं आणि मॅट

योगाच्या पुस्तकात आसनं किती आहेत, यावरून त्याची परीक्षा करू नये. आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांनी तर मुळीच नाही. असं पुस्तक हातात आलं की मी दोन गोष्टी आधी बघते. हे माझ्याकडे रोजचा किती वेळ मागतंय? आणि तो वेळ कुणाच्या नावानं मागतंय? या हिशेबानं मी तीन पुस्तकं एकापाठोपाठ वाचली. सीतादेवी योगेंद्र यांचं १९३४चं ‘योगा : फिजिकल एज्युकेशन फॉर विमेन’, जोसेफ पिलाटीज यांचं १९४५चं ‘रिटर्न टू लाइफ थ्रू कॉन्ट्रॉलॉजी’ आणि गीता अय्यंगार यांचं १९८३चं ‘योगा : अ जेम फॉर वुमेन’. तिन्ही इंग्रजीत. तिन्हींत रोजच्या जगण्यात शरीराला जागा द्या, असा आग्रह आहे.

वाचायला बसताना एक गंमत सांगायला हवी. ‘योग’ हा शब्द जैन घरात वाढलेल्या बाईला जरा वेगळा ऐकू येतो. तत्त्वार्थसूत्र शिकताना पाठशाळेत पंडितजींनी सांगितलेलं डोक्यात बसलेलं असतं की मन, वचन आणि काया यांची हालचाल म्हणजे योग, आणि त्याच दारातून कर्मं आत येतात. आस्रव. गुणस्थानांच्या पायऱ्या चढत गेलं की शेवटी येतात ते अयोगकेवली, म्हणजे ज्यांचा योग संपला ते. म्हणजे आपल्या शास्त्रात योग थांबवायचा आणि सोसायटीच्या हॉलमध्ये तो सुरू करायचा! नाव एक आणि गाव दोन. पण या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावरच आपलं रोजचं भांडण आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी नंदेसरीत राहते. हे गाव लोकांना माहीत आहे ते केमिकलच्या कारखान्यांमुळे. योगाशी त्याचा संबंध जोडायला कुणी जाणार नाही. इथून दीडेक तासावर डभोई. तिथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी जगन्नाथ गणेश गुणे जन्मले. पुढे लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. तरुणपणी ते बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. डभोईच्या पलीकडे, नर्मदेच्या काठी मालसर आहे. तिथल्या परमहंस माधवदासजींकडे गुणे १९१९ मध्ये पोहोचले. त्यांच्या आधी तिथे मणिभाई देसाई नावाचा एक तरुण शिकून गेला होता. त्यानं १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली आणि श्रीयोगेंद्र नाव घेतलं. सीतादेवी त्यांच्या पत्नी. म्हणजे आज शहरोशहरी जो ‘आरोग्यासाठी योग’ चालतो, त्याची दोन मोठी घराणी आपल्या बडोद्याच्या अंगणातून निघाली. इथल्या मराठी मंडळात मी हे सांगितलं तेव्हा निम्म्या बायकांना खरं वाटेना. रविवारी फिरायला म्हणून त्यातल्या काही जणी डभोईला जाऊन हिराभागोळ दरवाजा बघून आल्या होत्या, पण गुण्यांचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

आणखी एक योगायोग. जोसेफ पिलाटीजही १८८३चेच. डिसेंबरात जर्मनीतल्या एका गावी जन्मले. लहानपणी दमा, मुडदूस, संधिवाताचा ताप, म्हणजे अगदी किरकिरं पोर. तिकडे ते पोर आपल्या शरीराला वळण लावत होतं. इकडे गुणे १९२०-२१च्या सुमारास बडोद्याच्या दवाखान्यात एक्स-रे यंत्रापुढे उड्डियान आणि नौली करणारी माणसं उभी करून पोटात काय होतं ते तपासत होते. पोट आत ओढलं की आतड्यात दाब कमी होतो, ही पोकळी त्यांनी मोजली आणि तिला आपल्या गुरूचं, माधवदासांचं नाव दिलं. पिलाटीजच्या क्लासमध्ये तासभर जे ऐकू येतं, ‘बेंबी आत, पाठीकडे’, त्याची आठवण होतेच. कोणी कोणाचं घेतलं या वादात मला रस नाही. दोघांनाही पोटाच्या त्या पट्टीत माणसाचा कणा धरून ठेवणारं काहीतरी आहे हे कळलं होतं, एवढं मला पुरे.

आता पुस्तकं.

सीतादेवींचं पुस्तक बाईनं बायकांसाठी लिहिलेलं योगाचं बहुधा पहिलंच छापील पुस्तक. १९३४ साल डोळ्यांसमोर आणा. व्यायाम म्हणजे आखाडा, तांबडी माती, मल्लखांब, आणि ती पुरुषांची जागा. योग म्हणजे गुहा नाहीतर मठ, आणि तीही पुरुषांचीच जागा. या दोन्ही ठिकाणांहून आसनं उचलून सीतादेवींनी ती घरात, दाराआड, बाईच्या हाती दिली. घरच्या घरी, एकटीनं, दम न लागता करण्याजोगी. हे काम लहान नाही. त्या काळी बाईनं शरीर का कमवायचं, याचं छापण्याजोगं उत्तर एकच होतं, ते म्हणजे सुदृढ माता. त्या हवेत हे पुस्तक आलं, आणि त्याचा सौम्यपणा मला त्या हवेचाच वाटतो. बाईला घाम फुटू नये, ती दमलेली दिसू नये, अशी काळजी त्यात आहे. आज वाचताना ही सौम्यता अपुरी पडते. पन्नाशीनंतर हाडांना थोडा भार लागतो, स्नायूंना थोडा विरोध लागतो. नुसतं हळुवार वाकून भागत नाही. तरीही ‘मला गुरूही नको, क्लासही नको, दार लावून दहा मिनिटं द्या’ असं म्हणणाऱ्या बाईला हाच रस्ता जवळचा, आणि तो सीतादेवींनी नव्वद वर्षांपूर्वी काढून ठेवला आहे.

पिलाटीजचं पुस्तक अगदी दुसऱ्या टोकाचं. साठीचा, छाताड बाहेर काढलेला एक गडी, अंगावर फक्त चड्डी, आणि चटईवरचे चौतीस व्यायाम. फोटो सगळे त्याचेच. बाई नावालाही नाही. त्याची बायको क्लारा स्टुडिओत बरोबरीनं शिकवायची, आणि आजारी, दुखावलेल्या माणसांना तिचा हात हलका वाटायचा असं त्यांचे विद्यार्थी सांगून गेले आहेत. पण पुस्तकावर तिचं नाव नाही, सहलेखक म्हणून दुसऱ्याच एका पुरुषाचं आहे. हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटायचं कारण नाही म्हणा. घराघरात पापड बायका लाटतात आणि दुकानाच्या पाटीवर ‘अँड सन्स’ असतं.

असं असूनही तिन्हींत मला सगळ्यात कामाचं हेच वाटलं. एक तर हा माणूस वेळ मागताना प्रामाणिक आहे. आठवड्यातून चार वेळा करा, तीन महिने करा, मग बोला. योगाच्या पुस्तकांत हा गुण दुर्मीळ. गीताताईंच्या वडिलांच्या, बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६च्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम दिलेला आहे. तीनशे आठवडे म्हणजे जवळपास सहा वर्षं. तेवढ्यात मुलीचं कॉलेज संपून लग्नही होतं.

दुसरं म्हणजे पिलाटीज रोजच्या कामात शरीर बघतो. त्याच्या पुस्तकात आंघोळीवर चक्क मजकूर आहे. अंग घासायला ब्रश घ्या, पण दांड्याचा घेऊ नका असं तो म्हणतो. दांडा नसला की पाठीपर्यंत पोहोचायला अंग वळवावं लागतं, पिळावं लागतं, वाकावं लागतं, आणि तोच व्यायाम. वाचून मी हसले, पण मुद्दा खरा आहे. आपण प्रत्येक वस्तूला दांडा लावत गेलो. झाडूला, पोछ्याला, पंख्याच्या जाळ्या काढायच्या ब्रशला. सोय झाली हे नाकारायचं कारण नाही. पण अंग वळायचे सगळे प्रसंग त्याबरोबर गेले.

तिसरं, श्वास. फुप्फुसातली हवा ओला कपडा पिळावा तशी पिळून बाहेर काढा असा त्याचा आग्रह आहे. धुणं धुणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या पहिल्या व्यायामाचं नाव ‘हंड्रेड’. उताणं पडून डोकं आणि पाय उचलायचे, हात वरखाली करायचे, पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा. झाले शंभर. हे करताना मला आपला कायोत्सर्ग आठवला. नऊ वेळा णमोकार, एका णमोकाराला तीन श्वासोच्छ्वास, एकूण सत्तावीस. श्वास मोजायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. फक्त आपण तो अंग सोडण्यासाठी मोजत होतो, हा अंग धरण्यासाठी मोजतो.

आता दोष. हे पुस्तक जसंच्या तसं घेऊन पंचावन्न वर्षांच्या बाईनं चटईवर पडू नये. चौतीसपैकी बरेच व्यायाम कण्याला पुढं गोल करणारे आहेत. रोल-अप, रोल-ओव्हर, चेंडूसारखं लोळणं. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात आणि अशा मणक्यांना ओझ्यासह पुढं वाकवणं धोक्याचं असतं, हे आज हाडांचा कोणताही डॉक्टर सांगेल. साठीच्या त्या पैलवानाला हे लिहायची गरज वाटली नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढं असलेलं शरीर त्याचं स्वतःचं होतं. चांगल्या शिकवणाऱ्या मुली हे व्यायाम बदलून देतात. न विचारता सगळ्यांना पहिल्या दिवशी ‘हंड्रेड’ला झोपवणाऱ्याही असतात. क्लासला जाणार असाल तर पहिला प्रश्न हा विचारा की माझ्या हाडांची तपासणी सांगते त्याप्रमाणे तुम्ही काय बदलणार? उत्तर नाही आलं तर चपला घालायच्या.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. न्यू यॉर्कच्या ईव्ह जेंट्री या नर्तकीची कर्करोगामुळं छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. हात वर जात नव्हता. पिलाटीजनी तिच्याकडून इतकं काम करून घेतलं की ती पुन्हा हात मोकळा हलवू लागली, आणि त्याचं चित्रीकरणही केलेलं आहे. आपल्या समाजात अशा शस्त्रक्रिया झालेल्या बायका आहेत. त्या अंगावर पदर घट्ट घेऊन मंदिरात कोपऱ्यात बसतात आणि दोन्ही हात पूर्ण उचलून अर्घ्य चढवू शकत नाहीत. त्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

गीता अय्यंगार यांच्या पुस्तकाकडे मी सगळ्यात जास्त अपेक्षेनं गेले. ही पुण्याची बाई. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यातून ती योगावर उभी राहिली. आई रमामणी १९७३ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाची पुण्यातली संस्था १९७५ पासून चालते. गीताताई २०१८च्या डिसेंबरात गेल्या तोपर्यंत जगभरच्या बायका त्यांच्याकडे शिकायला येत होत्या. पुस्तकात आसनात जायचं कसं, राहायचं कसं, उतरायचं कसं, सगळं पायरीपायरीनं सांगितलं आहे. पाळी, गरोदरपण, बाळंतपण, पाळी जाणं, यांना स्वतंत्र जागा आहे. पुरुषाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं, नाहीतर ‘स्त्रियांनी जाणकारांचा सल्ला घ्यावा’ असं म्हणून सोडून दिलेलं असतं.

पाळीतल्या दिवसांवर त्यांचं म्हणणं साफ आहे. शीर्षासन, सर्वांगासन अशी उलटी आसनं नकोत, जोराचं काही नको. पाठीखाली लोड घेऊन पडून राहायची आसनं, कपाळ टेकून पुढं वाकायची आसनं, विश्रांती. हे वाचताना माझ्या मनात दोन चित्रं शेजारीशेजारी उभी राहिली. आपल्या घरांत अजूनही बाई त्या दिवसांत बाजूला असते. मंदिरात नाही, स्वयंपाकात नाही, शास्त्राला हात नाही. ‘तेवढीच विश्रांती मिळते’ असं जुन्या बायका म्हणत. मिळत असेल. पण त्या विश्रांतीचं कारण अशौच असतं. बाईच्या दुखऱ्या कमरेचा त्यात विचार नसतो. तिला झोपायला मिळतं ते इतरांना विटाळ होऊ नये म्हणून. गीताताईंच्या पुस्तकात तीच बाई त्याच दिवसांत आडवी पडली आहे, पण तिच्या पाठीखाली कुणीतरी लोड सरकवला आहे. दोन्हीकडे बाई पडूनच आहे. फरक त्या लोडाचा. मी परंपरा मोडा असं सांगत नाही, ज्याच्या त्याच्या घरची रीत ज्याला त्याला. पण बाजूला बसवलेल्या सुनेला आणि लेकीला एक लोड आणि एक ब्लँकेट द्यायला कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही.

या पुस्तकाशी माझं भांडण वेळेचं आहे. आठवड्यांचे पाठ पुढं सरकतात तशी आसनांची यादी लांबत जाते. दोरी, पट्टा, खुर्ची, भिंत ही अय्यंगार पद्धतीची देणगी मोठी आहे. ज्या गुडघ्यांना पायांवर बसणं जमत नाही त्यांनाही ती सामावून घेते. पण खुर्ची लावायची, ब्लँकेटच्या घड्या घालायच्या, परत सगळं आवरायचं, त्यातच आपला अर्धा वेळ जातो. ज्या बाईला सकाळी दोन डबे, सासऱ्यांचं सोवळ्याचं पाणी आणि सूर्यास्तापूर्वी संध्याकाळचं जेवण उरकायचं आहे, ती या पुस्तकात कुठं बसते? उत्तर मिळत नाही. पुस्तक बाईच्या शरीराला ओळखतं, तिच्या घड्याळाला नाही.

इथं नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो बहुतेक वेळा बायकाच घेतात. ‘आम्हाला कशाला योगा नि पिलाटीज? घरकाम हाच आमचा व्यायाम.’ जात्याचा आणि आडाचा काळ असता तर मी थोडी गप्प बसले असते. पण ओट्यावरच्या कामाकडे नीट बघा. पोळ्या लाटताना मान खाली आणि खांदे पुढं. भाजी चिरताना तेच. बादली उचलतो ती बहुतेक एकाच हातानं. मूल कडेवर घेतो ते एकाच कडेवर. इस्त्री, भांडी, कपडे वाळत घालणं, सगळं अंग पुढं नेतं, मागं काहीच नेत नाही. कणा दोन्ही बाजूंना सारखा वळेल असं एकही काम घरात नाही. जड काही उचलताना आपण श्वास धरतो, पोट बाहेर ढकलतो, आणि बाळंतपणांनी आधीच सैल झालेल्या ओटीपोटाच्या तळावर तो सगळा दाब येतो. मग पन्नाशीत शिंक आली की मांड्या आवळून उभं राहायचं, प्रवासाला जायचं म्हटलं की आधी बाथरूम कुठं आहे ते शोधायचं. भिशीत आम्ही सगळ्यांच्या साखरेचे आकडे बोलतो, हे बोलत नाही. घरकाम श्रम आहे, त्यात वाद नाही. त्याच श्रमानं जे वाकलं आहे ते सरळ करायला वेगळं काहीतरी लागतं. भुजंगासन म्हणा, पिलाटीजमधलं ‘स्वान’ म्हणा, पोटावर पडून छाती उचलली की पोळ्यांनी पुढं ओढलेले खांदे जागेवर येतात. मूळबंध म्हणा, नाहीतर त्या मुली सांगतात तसं खालून वर उचलून धरणं म्हणा, शिंकेचा त्रास त्यानं पुष्कळ जणींचा कमी होतो.

आणि आता कटासण्याकडे येते. आमच्या गुजराती शेजारणी सामायिकाला बसतात तेव्हा ऊनी कटासणं अंथरतात. आम्ही दिगंबर घरातल्या चटईवर बसतो. काळ दोघींचा सारखाच, दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. या अठ्ठेचाळीस मिनिटांत घरात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फोन वाजला तर नातू सांगतो, ‘आजी सामायिकात आहे.’ कुरिअरवाला थांबतो. सासूबाईंनाही हाक मारायची तर त्या घड्याळाकडे बघून थांबतात. बाईच्या दिवसातला हा एकमेव तुकडा असा आहे की ज्याच्याभोवती घरानं कुंपण मान्य केलंय. तीच बाई त्याच खोलीत, तेवढ्याच जागेवर, निळी मॅट अंथरून पडली तर?

‘आई, माझा टॉवेल कुठंय?’

‘अगं, ती कामवाली आलीय, बघ जरा.’

‘झालं का तुझं? चहा टाकतेस?’

कटासण्यावरची बाई घराला दिसत नाही, मॅटवरची मोकळीच दिसते. तिन्ही पुस्तकांत हा प्रश्न नाही. सीतादेवी दार लावून घ्यायला सांगतात. पिलाटीजच्या घरी दार वाजवणारं कुणी नसावं. गीताताई शिष्येनं वेळ काढला आहे असं धरूनच चालतात.

यावर समाजात हल्ली एक सोपा तोडगा निघाला आहे. व्यायामाला धर्माचं वस्त्र नेसवायचं. ‘जैन योग’ म्हणा, मंत्र लावा, मग कुणी अडवत नाही. काही मैत्रिणी तर सामायिकातच चार आसनं उरकतात. मला हे पटत नाही. सामायिकात बसताना आपण सावद्य व्यापार सोडतो, देहाचं ममत्व बाजूला ठेवतो. तिथं कंबर दुखते म्हणून कंबर वाकवणं म्हणजे सामायिकही जातं आणि व्यायामही धड होत नाही. आणि दुसरं, त्याहून टोचणारं, म्हणजे धर्माच्या नावानं मिळालेली परवानगी बाईला कधीच मिळत नाही, ती धर्माला मिळते. उद्या महाराजसाहेबांनी म्हटलं की हे शिथिलाचार आहे, तर तीही गेली.

‘देहाचे लाड कशाला? आपला धर्म काया सोडायला सांगतो,’ हेही ऐकते. कायोत्सर्ग म्हणजे देहाचं ममत्व सोडणं, बरोबर. पण कुंभोजजवळच्या बाहुबलीला जाऊन ती २८ फुटी मूर्ती खालून वर बघा. पाय सरळ, गुडघे मोकळे, हात मांड्यांपासून किंचित सुटलेले, कुठंही ताण नाही. असं पाच मिनिटं उभं राहून बघा. ज्याला देहाचं ममत्व सोडायचं त्याला आधी तो देह असा पेलता यावा लागतो. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात कुमारपाळ राजासाठी इथं गुजरातेतच योगशास्त्र लिहिलं. त्यात पर्यंकासन, वीरासन, दंडासनापासून कायोत्सर्गापर्यंत आसनं नीट सांगितली आहेत, आणि ज्या आसनात मन स्थिर राहील ते करावं असा मोकळा पर्यायही दिला आहे. प्राणायामाचं तर अख्खं प्रकरण लिहून पुढं तेच म्हणतात की मोक्षासाठी त्याची आवश्यकता नाही, त्यानं मन उलट क्षुब्ध होतं. मला हा आचार्य फार आवडतो. शरीरविद्या शरीराच्या जागी, मोक्ष मोक्षाच्या जागी. त्यांनी या दोन्हींत गल्लत केली नाही, मग आपण का करतो?

म्हणून माझं मागणं साधं आहे. अठ्ठेचाळीस नकोत, पंचवीस मिनिटं द्या, आणि ती कंबरेच्या, गुडघ्याच्या, ओटीपोटाच्या स्वतःच्या नावानं द्या. ‘आजी सामायिकात आहे’ हे जो नातू शिकला, तो ‘आजी मॅटवर आहे’ हेही शिकेल. पहिले पंधरा दिवस चहा उशिरा होईल.

पुस्तकांचंच विचाराल तर अजून तिशी-चाळिशीत असलेल्या सुनेला पिलाटीजचं द्या, पण शिकवणारीसकट. गुडघे धरलेल्या, पाळी जाऊ घातलेल्या बाईनं गीताताईंचं घ्यावं, आणि त्यातली फक्त भिंतीची आणि खुर्चीची आसनं निवडावीत. सीतादेवींचं मिळालं तर जरूर ठेवा, सुरुवात कुणी केली हे लेकींना माहीत असावं म्हणून. प्राणायाम पहाटे उघड्या हवेत करा असं जवळपास प्रत्येक पुस्तक सांगतं. त्या लेखकांनी नंदेसरीत येऊन वारा कुठल्या बाजूनं वाहतोय ते आधी बघावं. इथं पहाटे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. आम्ही तिघी-चौघी म्हणून दुपारी तीनला जमतो, जेवण जिरलेलं असतं आणि चौविहाराच्या स्वयंपाकाला अजून वेळ असतो.

त्यात सध्या आम्ही गोदोहिकासनाच्या मागं आहोत. गाय दोहायला बसावं तसं, टाचा उचलून, चवड्यांवर उकिडवं. श्वेतांबर परंपरेप्रमाणं भगवान महावीरांना ऋजुवालिकेच्या काठी केवलज्ञान झालं ते याच आसनात. पिलाटीजच्या क्लासमधल्या मुली उकिडवं बसणं हा पायांचा नि ओटीपोटाचा उत्तम व्यायाम म्हणून शिकवतात. आमच्यात सगळ्यात टिकणाऱ्या बाईला, वय वर्षं एकोणसाठ, भिंतीला हात लावून नऊ श्वास जमतात. सत्तावीसपर्यंत अजून कुणी गेलेलं नाही.